बुलेटला हो, पण लोकलला काय मिळणार ते आधी सांगा

29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणं गेली आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन त्याच्या जेमतेम पंधरा दिवस आधी झालेलं. तेव्हापासून आपल्याकडे वाद एकच, आधी लोकल सुधारा मग बुलेटचं बघू. मी जपानमध्ये राहतो म्हणून मित्रमंडळी मला न विचारताच बुलेटवाल्यांच्या पार्टीत टाकून मोकळी होतात.

आहे मी त्या पार्टीत, पण अर्धाच. इथे शिंकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, हौसेपोटी नाही आली. टोकियो-ओसाकाची जुनी लाईन पार भरली होती, मालगाडी, एक्स्प्रेस, पॅसेंजर सगळं तिथेच, म्हणून 515 किमीची वेगळी लाईन टाकली आणि 1964 ला चालू केली. खर्च इतका वाढला की रेल्वेच्या अध्यक्षांना उद्घाटनाआधीच जावं लागलं! पण लांबच्या फास्ट गाड्या तिकडे गेल्या आणि जुन्या लाईनवर बाकीच्यांना जागा झाली, मला तर वेगापेक्षा हेच मोठं वाटतं.

आता विरार-डहाणू बघा. वर्षानुवर्षं दोन लाईन, त्यावरच राजधानी, त्यावरच मालगाडी, त्यावरच डहाणू लोकल, कोण कोणासाठी थांबतं ते पालघरवाल्यांना विचारा. तिसरी-चौथी लाईन रखडत रखडत चाललीय. बुलेटची स्टेशनं विरार आणि बोईसरलाही आहेत, मग ती धावायला लागल्यावर जुन्या लाईनवरच्या कुठल्या एक्स्प्रेस कमी करणार आणि त्या जागी किती लोकल देणार, हे लेखी मागायला नको का? आपण मात्र 12 पैकी 4च स्टेशनं महाराष्ट्रात, यावरच भांडत बसतो. आणि बुलेटसाठीच्या जपानच्या कर्जाचं व्याज 0.1 टक्का म्हणून खूश होणाऱ्यांनो, ते कर्ज येनमध्ये आहे, रुपया घसरला की ते महागच पडणार.

इथेही सगळं गोड नाहीये. 2024 ला शिंकानसेन फुकुई प्रांतातल्या त्सुरुगापर्यंत आली तशी ओसाकाहून कानाझावाला जाणारी थेट एक्स्प्रेस त्सुरुगालाच संपायला लागली, आता तिथे उतरून गाडी बदला आणि वर जास्त पैसे मोजा. फुकुईतली जुनी लाईन तर वेगळ्या स्थानिक कंपनीच्या गळ्यात. म्हणजे नवी लाईन आली की जुनीचं भलं आपोआप होतं असं काही नाही, ते आधीच ठरवून घ्यावं लागतं.

मला विचाराल तर पहिला नंबर मुंबई-पुण्याचा असायला हवा होता. 192 किमीला डेक्कन क्वीनलाही तीन तासांवर लागतात, घाटात मागून बँकर इंजिन लावून गाड्या ढकलायच्या, आणि रोज जाऊन-येऊन करणारे कितीतरी. तिथे नवी लाईन टाका, मी पूर्ण बुलेटवाला.