‘पंपाचं तेल ड्रायरमध्ये आलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की दोन महिन्यांत व्हॅक्यूम ड्रायरमध्ये (पंपाने आतली हवा काढून पावडर सुकवणारं यंत्र) पंपाचं तेल आलं, चार ट्रे पावडर फेकावी लागली, दाबाचं गेज १०१३ दाखवतच नाही आणि आमचा माणूस येऊन तुमच्या ऑपरेटरलाच बोलून गेला.

बोलण्याबद्दल आधी माफी. तेलात भिजलेला माल समोर असताना ‘व्हॉल्व्ह का नाही बंद केलात’ विचारायची ती वेळ नव्हती.

आता तेलाचं. पंप आम्ही उघडला. व्हेन (आतली फिरणारी पाती), सील ठीक आहेत. पंप थांबल्यावर तेल अडवणारा आतला व्हॉल्व्ह असतो, त्याच्या सीटवर तुमच्याच पावडरचा कण अडकला होता. गुरुवारी लाइट गेली, पंप थांबला. ड्रायरमध्ये व्हॅक्यूम आणि एक्झॉस्टला बाहेरची हवा, मग ती तेलाला ढकलत होजमधून वर चढवणारच. तो आतला व्हॉल्व्ह थोडा वेळ सांभाळतो, त्याच्या भरवशावर तासन्‌तास राहायचं नसतं. लाइट गेल्याबरोबर आपोआप ड्रायरकडचा मार्ग बंद करून पंपाच्या तोंडाशी हवा सोडणारा व्हॉल्व्ह आमच्या क्वोटेशनमध्ये होता. तुम्ही खर्च कमी करा म्हणालात आणि आम्ही निमूट काढून टाकला. गुरुवारी लाइट जाते हे पुण्यात कुणाला माहीत नाही? अडून बसायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही.

रोज बंद करताना आधी ड्रायरकडचा व्हॉल्व्ह बंद, मग पंप बंद, लगेच पंपाच्या तोंडाशी हवा. ड्रायरमध्ये हवा सोडणारा व्हेंट कॉक नंतर, फिल्टरमधून, अगदी हळू. भसकन उघडलात तर पावडर ट्रेमधून उडते. गॅस बॅलास्ट (पंपावरचा, पंपात हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह) उघडला म्हणजे ड्रायरमध्ये हवा गेली, असं तुमच्या मुलांना वाटतंय. तसं नाही. त्याचं काम पंपातली वाफ तेलात न मुरू देता बाहेर काढणं.

गेज बरोबर आहे. १०१३ मिलीबार हा हवेचा दाब समुद्रसपाटीला. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे ९५० च्या आसपासच थांबणार. पण दाराच्या गॅस्केटवर (सील करणाऱ्या पट्टीवर) स्क्रू-ड्रायव्हरने उचकटल्याचे ओरखडे दिसले. कृपया असं करू नका. तुमचं दार ४५ बाय ४५ सेंटीमीटरचं. आत १०० मिलीबार कमी असले तरी त्यावर २०० किलोंचा भार असतो. हवा सोडल्यावर गेजचा आकडा हलायचा थांबला की दार हाताने उघडतं.

फोनवर नायट्रोजनने भरायचं म्हणालात. जरूर, पण दार बाहेरून आत दाबलं जाईल अशा हिशेबाने बनलंय, आतून जोर आला तर क्लॅम्पवर येतो. जास्तीचा दाब बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय सिलिंडर जोडू नका, आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

तेल आणि पंपाची सफाई आमच्याकडून. ऑटो व्हॉल्व्ह खरेदीच्या दरात, बसवायची मजुरी नाही. येत्या बुधवारी बसवतो आणि मेन स्विच पाडून तुमच्यासमोर दाखवतो. दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर हजर ठेवा.