क्रीम चीज आधी मऊ होऊ द्या

फळांच्या फोडी बुडवून खायच्या क्रीम चीज आणि मधाच्या डिपवरच्या लेखात क्रीम चीज फ्रिजमधून काढल्या काढल्या मधाबरोबर घोटायला सांगितलं आहे. कृपया तसं करू नका, निदान अर्धा तास बाहेर राहू द्या. गार चीजमधली स्निग्धता घट्ट असते, मग कितीही घोटलं तरी बारीक बारीक गाठी राहतात आणि फळाच्या फोडीवर त्या लगेच दिसतात. मी 200 ग्रॅम क्रीम चीजला 2 चमचे मध, मूठभर कुस्करलेलं फेटा चीज (खारट ग्रीक चीज), थोडी किसलेली लिंबाची साल आणि भरड मिरपूड घेते. वेगळं मीठ नाही, फेटाचा खारटपणा पुरतो. आणि मध सगळा आत मिसळू नका! अर्धा वरून धारेने सोडा, म्हणजे एकाच घासात आधी गोड लागतं, मग खारट, आणि मिरी मागाहून जिभेवर येते. मला तर खरी मजा त्यातच वाटते.

सफरचंदाच्या फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढल्या की लवकर काळ्या पडत नाहीत, पण नीट पुसा हं, ओल्या फोडीवर डिप टिकत नाही, घसरतं. द्राक्षं, पेअर, स्ट्रॉबेरी उत्तम. कलिंगड मात्र नको, पाणी सुटतं.