अर्ज बाद झाला की हायकोर्टातून स्टे? असं होत नाही, भाऊ

"अर्ज बाद झाला तर घाबरू नका. सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात जा, दुसऱ्या दिवशी निवडणुकीला स्टे. हरलात तर सहा महिन्यांत कधीही केस टाका. कोर्ट ईव्हीएम उघडून मोजतं." नागपूरच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज आता आतेभावानेच पाठवला, आणि तो स्वतः इच्छुक आहे. म्हणून लिहितो.

आधी स्टे. संविधानाचं कलम 329(ख) सांगतं की लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेने, म्हणजे निकालानंतरच. तमिळनाडूतल्या नमक्कलचे उमेदवार पोन्नुस्वामी यांचा अर्ज असाच बाद झाला होता. अधिसूचना ते निकाल यांच्या मधे कोर्टाने पडायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1952 मध्येच ठरवलं. लांब कशाला, 2024 ची रामटेक लोकसभा बघा. काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वेंचं जात वैधता प्रमाणपत्र जात पडताळणी समितीने रद्द केलं, अर्ज बाद. नागपूर खंडपीठाने समितीच्या आदेशाला स्थगिती दिली, पण निवडणूक काही लढू दिली नाही. सप्टेंबरात समितीचा तो आदेशच रद्द झाला. तोवर त्यांचे यजमान खासदार झालेले.

लढायचं ते छाननीच्या टेबलावर. आक्षेप आला की उत्तरासाठी मुदत मागा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 36 प्रमाणे ती दुसऱ्या, फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत मिळू शकते. शपथपत्रात एकही रकाना कोरा नको. अर्ज बाद केलाच तर कारणांसह लेखी आदेश घ्या.

स्टेच्या मेसेजमध्ये अर्धसत्य आहे, मान्य. 2 डिसेंबर 2025 ला याच नागपूर खंडपीठाने नगर परिषदांची मतमोजणी 21 तारखेवर ढकलली. पण मोजणी ढकलली, मतदान नाही.

सहा महिन्यांची थाप सगळ्यात घातक. सहा महिने ही याचिका निकाली काढायची अपेक्षित मुदत, तीही क्वचितच पाळली जाते. दाखल करायला निकालापासून 45 दिवस. एक दिवस उशीर झाला तरी याचिका फेटाळली जाते. सोबत 2,000 रुपये अनामत आणि प्रतिवादी जितके तितक्या प्रती, प्रत्येकीवर 'खरी प्रत' म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. 'मलाच विजयी घोषित करा' म्हणायचं असेल तर लढलेले सगळे उमेदवार प्रतिवादी करावे लागतात; एक सुटला की संपलं. मनपाला तर फक्त 10 दिवस, तेही दिवाणी न्यायाधीशांपुढे.

ईव्हीएम: लोकसभा-विधानसभेत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर 7 दिवसांत 5 टक्के यंत्रं तपासायला मागता येतात. खर्च आधी भरायचा; छेडछाड निघाली तरच परत.