उत्तर: ‘६०० रुपये घेतले आणि गाडी तशीच परत दिली’

नमस्कार. गाडीतला रस्ता दाखवणारा नेव्हिगेशन सेट चुकतो म्हणून तुम्ही नाना पेठेत आमच्याकडे आलात, आम्ही तपासणीचे ६०० घेतले, दुरुस्ती काही केली नाही आणि वर “सेट चांगला आहे” म्हणालो, अशी तुमची तक्रार आहे. सेट चांगलाच आहे.

चांदणी चौकात बाण शेतात फिरतो आणि विद्यापीठ चौकात बाई पुलावर चढायला सांगते, असं तुम्ही लिहिलंय. विद्यापीठ चौकातला तो पूल २०२० मध्ये पाडला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये उडवला आणि नवे रस्ते २०२३ मध्ये सुरू झाले. तुमच्या सेटच्या मेमरी कार्डातला नकाशा त्याच्या कितीतरी आधीचा. गाडी बरोबर जागी आहे, खालचा रस्ताच नकाशात नाही, मग बाण शेतात दिसणारच. तुमच्या मॉडेलचा नवा नकाशा कंपनी आता काढत नाही. दुसरीकडे १५०० मध्ये “कॉपी मारून” देतात म्हणता. बऱ्याच सेटमध्ये कार्ड त्या एकाच सेटशी बांधलेलं असतं, दुसऱ्याचं घातलं की स्क्रीन अडून बसते. आम्ही ते करत नाही.

सेटवरची तारीख २० वर्षं मागे गेली, तोही बिघाड नाही. जीपीएसमध्ये आठवडे ० ते १०२३ असे मोजतात आणि पुन्हा शून्यावर येतात. मागचा असा फेरा एप्रिल २०१९ मध्ये झाला. काही जुन्या सेटना तो तेव्हाच कळला नाही, काहींची गडबड नंतर उघड झाली. मग तारीख १०२४ आठवडे, म्हणजे १९ वर्षं ७ महिने मागे दिसते. हाताने बदलली तरी सेट ती परत उपग्रहावरून घेतो. रस्ता दाखवण्यात त्याने फरक पडत नाही.

खरा दोष एकच होता, आणि त्याचं नाव तुमच्या तक्रारीत कुठेच नाही. लक्ष्मी रोडवरून जाताना बाण मध्येच कुमठेकर रोडवर उडी मारतो ना? आमच्या पोराने तुमच्यासमोर सेटचा तपासणीचा स्क्रीन उघडला. जागा नीट कळायला किमान ४ उपग्रह लागतात, तिथे ३ सुद्धा टिकत नव्हते. दुसरा अँटेना टपावर ठेवला तर लगेच ९ आले. तुमचा अँटेना डॅशबोर्डच्या आत आहे आणि समोरच्या काचेवर नुकतीच धातूची फिल्म लावलीय. उन्हासोबत सिग्नलही तिथेच अडतो. सिग्नल गेला की सेट चाकाचा वेग आणि वळणं यांवरून अंदाज बांधतो, आणि पेठांतल्या जवळजवळच्या रस्त्यांत तो अंदाज फसतो.

फिल्म काढायला तुम्ही नाही म्हणालात (नवीन आहे, समजू शकतो), टपावर अँटेना बसवायलाही नको म्हणालात. मग करायचं काय उरलं? ६०० हे हे सगळं शोधून काढायचे होते आणि गाडीला हात लावायच्या आधी तसं सांगितलं होतं. नवा अँड्रॉइड स्टिरिओ (फोनसारखा नकाशा दाखवणारा) आम्ही पुढे केला नाही, भाव तुम्ही विचारलात म्हणून सांगितला. उलट, फोन असताना त्यात पैसे घालू नका, असंच तुम्हाला म्हटलं होतं.

समोरची फिल्म काढलीत तर गाडी घेऊन या, पुन्हा बघायचे पैसे घेणार नाही. फक्त शनिवारी नको, त्या दिवशी गाडी लावायलाच जागा नसते.