गाडी खाली, हात वर

गाडी लावताना मी तोंडाने आवाज काढतो, हे बायकोने सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

"कसला आवाज?"

"जड कपाट सरकवताना माणूस काढतो ना, तसला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "फक्त कपाट एकदा सरकवलं की झालं. तुमचं रोज असतं."

आमची गाडी वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे. म्हणजे खरं तर तिच्याशी अदबीने वागायला हवं होतं. मी काय केलं, तर तिला खाली बसवलं. चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत माझी चार बोटं आरामात जायची, आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये ही फट म्हणजे आखूड पँटमधून दिसणारे मोजे. एकदा नजरेत आली की दुसरं काही दिसत नाही. मी पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून घेतले, मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ब्लॉक घातले, आणि दहा पावलं मागे जाऊन बघितलं. गाडी अशी दिसत होती की उभी असतानाही पळतेय. पुढे पुढे ती उभीच जास्त राहिली, तो भाग वेगळा.

आता, स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. वेढे जितके कमी, तितकी ती वाकायला नाखूश. पहिल्याच खड्ड्यात माझे दात एकमेकांवर आपटले. यावर उपाय म्हणून मी टायरमधली हवा 28 वरून 20 वर आणली. धक्के थोडे मऊ झाले. मग खाली बसलेल्या गाडीला बारीक टायर शोभेनात, म्हणून 155 मिलिमीटर रुंदीचे काढून 195 चे घातले. ते आतल्या बाजूला घासायला लागले, म्हणून मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकून चाकं बाहेर ढकलली. एवढ्या रुंद चाकांसमोर आतलं मूळचं 400 मिलिमीटरचं स्टीअरिंग व्हील बसच्या ड्रायव्हरला शोभेलसं वाटू लागलं, म्हणून 320 चं चामडी, जाडजूड, तीन दांड्यांचं व्हील आणलं. छोट्या व्हीलमुळे सरळ रस्त्यावरचा प्ले, म्हणजे चाकं न वळता व्हील नुसतंच हलतं ती ढिलाई, जास्तच जाणवू लागला. तोही मी एका रविवारी गाडीखाली आडवं पडून, पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासात घालवला. घरात त्या दिवशी कसलीशी शोधाशोध चालली होती, त्यामुळे मला कोणी हटकलं नाही. किरकोळ काम होतं. पुढे जाऊ.

यातल्या प्रत्येक सुधारणेनंतर मी दहा पावलं मागे जाऊन गाडी बघितली आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा देखणी दिसली. हे मी अजूनही मागे घेणार नाही.

फक्त ती वळायची बंद झाली होती.

अगदीच बंद नाही. चालत्या गाडीत वळायची. पण थांबून, मागे-पुढे करून दोन गाड्यांच्या मध्ये घालायची म्हटली की मी आधी घड्याळ काढून ठेवायचो. डावा हात वर, उजवा खाली, पाय रोवलेले, आणि मग तो कपाटाचा आवाज. एकदा तर व्हील फिरवता फिरवता सीटच मागे सरकली. गाडी जागची हलली नव्हती, मी हललो होतो.

जड स्टीअरिंग हे पाठदुखीसारखं असतं. नुसतं बोलून दाखवलं की समोरच्याकडे औषध तयार. एक म्हणाला, टायर बदल. दुसरा म्हणाला, टायरला हात लावू नकोस, अलाइनमेंट कर. तिसऱ्याने शांतपणे सांगितलं की जुनी गाडी जडच असते, तुझे हात नाजूक आहेत. चौथ्याने तर मुळावरच घाव घातला: आजकालच्या छोट्या गाडीतली इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर काढायची आणि हिच्या कॉलमला बसवायची. असं लोक खरोखर करतात आणि ते चालतंही. मी दोन रात्री त्या मोटरची स्वप्नं बघितली.

त्याच दोन रात्री मी वाचायलाही बसलो, कारण हात दुखत असले की झोप लागत नाही. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1926 मध्येच पॉवर स्टीअरिंग बसवलेली गाडी चालवून दाखवली होती. ती सोय विकत मिळणाऱ्या मोटारीत यायला 1951 उजाडलं. क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये ती आली. माझ्या गाडीपर्यंत मात्र ही बातमी पोचलीच नाही. त्याहून मजा वळणाच्या भूमितीची. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, नाहीतर चाकं रस्त्यावर फरपटतात. ही युक्ती म्युनिकच्या लांकेन्सपर्गर नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्याने काढली, त्याच्या वतीने 1818 मध्ये लंडनला पेटंट घेतलं आकरमान यांनी, आणि तेव्हापासून सारं जग तिला आकरमानची भूमिती म्हणतं. स्टीअरिंगच्या धंद्यात श्रेयसुद्धा सरळ जात नाही, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

शेवटी एका मिस्त्रींकडे गेलो. माणूस कमी बोलणारा. मी त्यांना आल्या आल्या कॅम्बर, कास्टर, टो-इन असे चाकांच्या कोनांचे सगळे शब्द ऐकवले. त्यांनी ते, लहान मुलाने कविता म्हणून दाखवावी तसं, मान डोलवत ऐकून घेतलं आणि जॅक आणायला गेले.

पुढची दोन्ही चाकं हवेत उचलली. खाली स्टँड लावले. "आता फिरवा, साहेब."

मी फिरवलं. जड.

"चाकं हवेत आहेत," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"म्हणजे टायर जमिनीला लागत नाहीत."

"हो."

"मग बोटाने फिरायला पाहिजे."

या तीन वाक्यांत माझी दोन रात्रींची विद्या संपली. चाकं जमिनीवर असताना जड आणि हवेत हलकी, तर दोष टायर, हवा, वजन, भूमिती यांचा. हवेतही जड, तर कुठेतरी लोखंड लोखंडाला धरून बसलंय. एका जॅकने निम्मे संशयित सुटतात. मी मोटरचा विषय काढला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मोटर लावली तर तुम्हाला जड लागणार नाही. पण जड राहील ते राहीलच. ते मग मोटर ओढेल, आणि मोटर तोंडाने आवाज करत नाही."

हे त्यांना कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

मग खालून तपासणी सुरू झाली. पुढची चाकं ज्यांच्याभोवती वळतात त्या किंग पिनांना ग्रीस द्यायची निपलं सापडेनात. सापडली तेव्हा ती काळ्या रंगाखाली होती. गाडी खाली बसवली त्या उत्साहात मी खालचा सगळा भाग काळा रंगवला होता, तो निपलांसकट. म्हणजे तेव्हापासून ग्रीसगन आली असती तरी दार बंद होतं. निपलं बदलली, चाकं हवेत असतानाच ग्रीस भरलं (वजन उतरलेलं असलं की ग्रीस पिनच्या दाबल्या जाणाऱ्या बाजूलाही शिरतं, ही बारीक गोष्ट मी त्या दिवशी शिकलो), आणि जुनं ग्रीस सांध्यांतून काळ्या अळ्यांसारखं बाहेर आलं. इतकी वर्षं ते तिथे वंगणाचं नव्हे, सिमेंटचं काम करत होतं.

स्टीअरिंग थोडं सुटलं. थोडंच. मग मिस्त्रींनी टाय रॉडचे, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दांड्यांचे, सांधे मोकळे केले. आता चाकांचा आणि व्हीलचा काही संबंध उरला नाही. चाकं हाताने ढकलली तर दारासारखी वळत होती. व्हील फिरवलं: मधोमध ठीक, अर्धा फेरा गेला की आवळल्यासारखं.

"बॉक्स," मिस्त्री म्हणाले.

स्टीअरिंग बॉक्स म्हणजे व्हीलचं फिरणं दात्यांमधून चाकांकडे पोचवणारी पेटी. तिच्यातले दाते सर्वांत जास्त झिजतात ते मधोमध, कारण गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात जातं. कडेचे दाते त्यामानाने कोरे राहतात. बॉक्सवर एक स्क्रू असतो, वर लॉकनट. तो आवळला की दाते एकमेकांच्या जवळ येतात आणि प्ले कमी होतो. पण जुन्या बॉक्समध्ये मधला प्ले पुरता घालवायला गेलं की कडेच्या न झिजलेल्या दात्यांना जागाच उरत नाही. सरळ रस्त्यावर गाडी अगदी नव्यासारखी वाटते, आणि लावताना, म्हणजे व्हील पार कडेपर्यंत न्यायची वेळ येते तेव्हा, दाते एकमेकांच्या उरावर बसतात.

"हा स्क्रू कुणीतरी अडाण्याने आवळलाय," खालून मिस्त्रींचा आवाज आला. "चांगला अर्धा फेरा."

"काय एकेक माणसं असतात!" मी म्हणालो. आता आठवून सांगतो, त्या क्षणी मी अगदी मनापासून म्हणालो. "आधीच्या मालकाने केलं असणार. न कळणाऱ्या गोष्टीला लोक हात लावतातच कशाला?"

"शिकलेला दिसतो पण," मिस्त्री म्हणाले. "खुणा करून ठेवल्यात. पूर्वी कुठे होता ती एक, आणि आवळल्यावरची एक. टॉर्च धरा जरा."

मी वाकून टॉर्च धरला. लोखंडावर दोन बारीक, नेटक्या रेघा होत्या. चमकदार गुलाबी, त्यात किंचित चंदेरी झाक. आधीच्या मालकाला हा रंग आवडत असण्याची शक्यता मी काही क्षण प्रामाणिकपणे तपासून बघितली.

"आधीचा मालक बारकाईने काम करणारा होता," मी म्हणालो.

मिस्त्रींनी गाडीखालून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्क्रू पहिल्या रेघेवर आणला, तिथून अगदी केसभर पुढे घेतला, लॉकनट आवळला, बॉक्सचं झाकण काढून बोट बुडवलं. बोट कोरडंच बाहेर आलं. गिअर ऑइल भरलं. व्हील एका बोटाने इकडून तिकडे गेलं. मधोमध दोन बोटांएवढा प्ले परत आला होता, त्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, "एवढा राहणार. तिचं वय झालंय."

उरलेलं भराभर झालं. हवा पुन्हा 28. स्पेसर बाहेर. टो-इन इतकं बिघडलं होतं की पुढची दोन चाकं एकमेकांशी भांडून निघालेल्या भावांसारखी वेगळीकडे बघत होती. गाडी खाली घेतली की टाय रॉडचा कोन बदलतो, त्यानंतर अलाइनमेंट करायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं मी सांगितलं. कास्टर, म्हणजे किंग पिनचा मागे झुकलेला कोन, तोही वाढलेला निघाला. मागचे ब्लॉक मी जरा हौसेने जाड घेतले होते. हिशोब सोपा आहे: पुढच्या-मागच्या चाकांत 2400 मिलिमीटर अंतर असेल आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा 42 मिलिमीटर जास्त खाली गेली, तर कास्टर साधारण 1 अंशाने वाढतो. वळल्यावर व्हील आपोआप सरळ यायला तो चांगला, वळवायला तेवढाच जड. ब्लॉक पातळ केले. 195 चे टायर जाऊन 165 चे आले.

छोट्या व्हीलवर मात्र मी अडून बसलो. मिस्त्री वादात पडले नाहीत. त्यांनी 400 ला 320 ने भागून दाखवलं. उत्तर 1.25. म्हणजे तेच चाक वळवायला सव्वापट जोर, आणि तो गाडीत नव्हे, माझ्या खांद्यात. मी म्हणालो, 380. त्यांनी मान हलवली. आयुष्यात भागाकाराशी मी केलेला हा पहिला समझोता.

संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून गाडी लावून दाखवली. एक हात व्हीलवर, दुसरा खिडकीवर. तोंडातून आवाज नाही. तिने लगेच ओळखलं.

"हलकं झालं की! काय होतं एवढं?"

"काही नाही. कुणीतरी एक स्क्रू जास्त आवळला होता."

"कुणी?"

"ते आता काय सांगणार. जुनी गाडी. किती हातांतून गेलीय."

"हं," ती म्हणाली आणि काच पुसायला फडकं हवं म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उघडला. फडकं निघालं. फडक्याच्या घडीतून एक छोटी बाटली निघाली. तिने ती उजेडात धरली, कानाजवळ नेऊन हलवली. आतलं पार सुकलेलं होतं.

मी रिव्हर्स टाकला आणि नीट लावलेली गाडी पुन्हा बाहेर काढली. गरज काहीच नव्हती. पण व्हील आता एवढं हलकं फिरत होतं की त्यात हात गुंतवायचे, तर सतत फिरवत राहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.