बघायचे पैसे पडत नाहीत

आज एका नातेवाइकांकडे जेवायला गेलो होतो. पॅरिसच्या ट्रिपचा विषय निघाला आणि यजमानांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग काय काय आणलंत?" म्हटलं, काही नाही, दुकानांच्या काचांतून ताटल्या बघितल्या मनसोक्त. तर हसून म्हणाले, "घ्यायच्या नाहीत तर बघायच्या कशाला?" तिथे गप्प बसले. आता नाही बसवत.

र्‍यू रोयाल म्हणून रस्ता आहे, मादलेन चर्चपासून कॉन्कॉर्दच्या चौकाकडे उतरणारा. क्रिस्तोफ्ल कंपनीची चांदीची भांडी तिथेच आणि बर्नार्दो कंपनीची पोर्सेलीनची, म्हणजे उंची चिनी मातीची भांडीही तिथेच. आम्ही गेलो तेव्हा रविवारची संध्याकाळ, दुकान बंद, पण आतले दिवे चालू. काचेमागे आख्खं टेबल मांडलेलं. काटे पालथे, कारण पूर्वी घराण्याची मुद्रा काट्याच्या पाठीवर कोरायचे म्हणे. मी बघतच राहिले. अहो म्हणाले, "यात वरण कुठे घ्यायचं?" झालं, जुंपली आमची! खोल बशी वरणभाताला, हे ठरलं. सपाट ताटलीत पुरणपोळी. पण डावीकडे चटणी-कोशिंबीर वाढायला जागाच नाही, सगळा काठ सोन्याचा. आणि त्या काठाला हळद लागली तर?

एवढी करमणूक आम्हाला फुकटात झाली, आणि यजमान विचारतात कशाला!

फ्रान्समधल्या लिमोज गावाजवळ १७६८च्या सुमारास पांढरीशुभ्र चिनी माती सापडली, म्हणून तिथे पोर्सेलीन व्हायला लागलं. बर्नार्दो त्याच गावची, १८६३ची. हे मी आधीच वाचून गेले होते, त्यामुळे काचेपलीकडचा तो पांढरा रंग मला आणखीच पांढरा दिसत होता. ज्याला यातलं काही नको त्याने खुशाल विमानतळावरून चॉकलेटं आणावीत.

आणि किमती! फ्रान्समध्ये काचेत मांडलेल्या वस्तूची किंमत बाहेरून वाचता येईल अशी लावावीच लागते, कायदाच आहे. कुणाला विचारायला नको, कुणी आपल्याला जोखायला नको. अहोंनी चष्मा वर करून एका ताटलीची चिठ्ठी वाचली, मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि म्हणाले, "नको, यात वरण नकोच." पण हलले नाहीत हं तिथून! आपल्याकडे? एका दुकानात नुसता कप उचलला तर मागून आवाज, "मॅडम, बजेट काय आहे?" माझं बजेट माझ्या पर्सला माहीत, तुम्हाला कशाला?

बरं, आजच्या यजमानांच्या शोकेसमध्ये ल्युमिनार्कचा काचेच्या ताटल्यांचा सेट आहे, दुबईहून आलेला. ब्रँड फ्रान्सचाच. आम्ही जेवलो मात्र युज अँड थ्रोच्या प्लेटांत. म्हणजे विकत घेऊनही बघायचंच, आणि तेही पाहुण्यांनी. असो. पनीर छान झालं होतं.

हो, मान्य, सगळेच माझ्यासारखे नुसते बघे निघाले तर दुकानदाराने खायचं काय? र्‍यू द पारादी या दुसऱ्या रस्त्यावर गेल्यावर हे टोचलंच. पूर्व फ्रान्समधल्या लोरेनकडच्या गाड्या गार द लेस्त स्टेशनात लागायच्या, तिकडचा क्रिस्टल काचेचा माल तिथे उतरायचा, म्हणून शेजारच्या या रस्त्यावर काचेच्या आणि पोर्सेलीनच्या व्यापाऱ्यांची रांगच लागली. बाकारा या क्रिस्टलच्या कंपनीचं मुख्य ठाणंही तिथेच होतं, २००३मध्ये तेही हललं. आता मधूनच एखादं जुनं दुकान. थोडं वाईट वाटलं, खरंच. पण ताटल्यांचे सेट लग्नात घ्यायची पद्धत कमी झाली, त्याला मी काय करू?

खरं सांगू, र्‍यू रोयालवर अहो जेवढे बोलले तेवढे एरवी महिन्यात बोलत नाहीत. सहा जणांचं टेबल, तर कुणाकुणाला बोलवायचं यावरही वाद झाला. त्यांनी त्यांच्या आत्याला मुख्य खुर्ची दिली. मी आत्यांना गुळाच्या पोळीसाठी लहान बशी दिली, कारण मोठी दिली तर चार खातील आणि मग गुडघे धरून बसतील. शेजारी एक म्हातारं फ्रेंच जोडपं येऊन थांबलं. बाई बोटाने काहीतरी दाखवत होत्या, बुवा मान हलवत होते. त्यांच्याकडेही वरणाचाच प्रश्न असावा.

कुणी जाणार असाल तर रविवारी, दुकानं बंद असताना, दिवेलागणीला जा. कुणी आत बोलवत नाही. बूट सवयीचे घाला. आणि सारखं घड्याळ बघणारा माणूस सोबत नेऊ नका.