होकुसाई रद्दीत पडलेला नव्हता

‘जपानी लोकांना आपल्या चित्रांची किंमत कळत नव्हती, ते त्यांत चिनी मातीची भांडी गुंडाळत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजांनी ती रद्दीतून उचलली आणि जपानला त्याची कला परत मिळवून दिली. ‘द मिकाडो’ या इंग्रजी विनोदी संगीतिकेने तर इंग्रजांना खरा जपान दाखवला.’ हा मजकूर बराच काळ फिरतो आहे. भाचीने तो महाविद्यालयाच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवलेला पाहिला, आणि गप्प बसवेना.

रद्दीची ही कथा मुळात लंडनची नव्हे, पॅरिसची आहे. फेलिक्स ब्राकमों या फ्रेंच चित्रकाराला 1856 मध्ये एका छापखान्यात ‘होकुसाई मांगा’चा, म्हणजे जपानी चित्रकार होकुसाई याच्या छापील रेखाचित्रांच्या ग्रंथाचा, खंड दिसला आणि तो भांड्यांच्या खोक्यातून आला होता, अशी ही आख्यायिका, ती छापून आली जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. ती खरी मानली, तरी सिद्ध काय होते? या ग्रंथाचा पहिला खंड 1814 चा, पंधरावा 1878 चा, आणि होकुसाई तर 1849 मध्येच वारला. चित्रकाराच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनीही ज्याचे खंड निघत राहतात, त्याची त्याच्या देशात कोणालाच कदर नव्हती, हे कोणत्या तर्कात बसते? दिवाळी अंकाच्या पानात भेळ बांधून मिळते, म्हणून मराठी माणसाने साहित्य टाकून दिले असे कोणी म्हणत नाही. छापचित्रे स्वस्त होती आणि जपानमधील प्रतिष्ठित मंडळी त्यांना उच्च कला मानत नसत, एवढे मान्य करावे लागते. पण स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे.

इंग्रजांच्या पारखी नजरेबद्दल 1862 च्या लंडन प्रदर्शनाचा दाखला पुरेसा आहे. तिथला जपानी विभाग जपानमधील ब्रिटिश राजदूत रदरफर्ड अल्कॉक यांनी स्वतः जमवलेल्या वस्तूंवर उभा होता. त्या वर्षी लंडनला गेलेल्या जपानी शिष्टमंडळातील फुचिबे तोकुझो यांना ती मांडणी जुन्यापुराण्या सामानाच्या दुकानासारखी वाटली आणि पाहवेना. ज्यांना आपल्या कलेची किंमतच ठाऊक नाही, ते असे खजील होतील का?

‘परत मिळवून दिली’ हे तर सर्वांत खोडसाळ विधान आहे. प्राचीन वस्तूंच्या जतनाचा फतवा जपानी सरकारने 1871 मध्ये स्वतः काढला. 1874 मध्ये सरकारी पाठबळावर किरित्सु कोशो कैशा ही निर्यात कंपनी उभी राहिली, आणि परदेशी गिऱ्हाइकाची आवड हेरून सात्सुमा ही नक्षीदार भांडी घडवली जाऊ लागली. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1875 मध्ये लिबर्टी या व्यापाऱ्याने जपानी व इतर पौर्वात्य मालाचे दुकान थाटले, तेव्हा विकणारा जपान पुरता जागा होता.

‘द मिकाडो’ने इंग्रजांना खरा जपान दाखवला, हा शेवटचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. 1885 मध्ये रंगभूमीवर आलेल्या आणि 672 प्रयोग झालेल्या त्या संगीतिकेतील अंमलदार म्हणजे किमोनो घातलेले इंग्रजच आहेत, आणि थट्टाही त्यांचीच आहे.